कांचीपुरम आणि महाबलीपुरम एका दिवसात: देवळं, माग आणि छिन्नी

कांचीपुरमची सहल बहुतेकांची फसते ती दुपारी बारा वाजता. चेन्नईत आरामात नाश्ता करून निघायचं, साडेअकराला कांचीत पोचायचं, पहिल्या देवळाच्या चपला काढायच्या आणि आतून दार ओढून घेतल्याचा आवाज ऐकायचा. तमिळनाडूतली बहुतेक मोठी देवळं दुपारी बारा-साडेबाराला बंद होतात आणि चारच्या सुमारास पुन्हा उघडतात. मधले चार तास मग उन्हात, नाहीतर एखाद्या साडीच्या दुकानाच्या एसीत जातात. पहिल्या खेपेला माझं हेच झालं होतं.

म्हणून सगळ्या दिवसाची आखणी या बाराच्या ठोक्याभोवती करायची. सकाळ कांचीच्या देवळांना, मधली वेळ मागांना, दुपारचं ऊन गाडीत आणि संध्याकाळ महाबलीपुरमच्या दगडांना. उलट क्रमही लावता येतो, म्हणजे सूर्योदय समुद्रावर आणि चारनंतर कांची. पण मग महाबलीपुरमहून कांचीला भर दुपारी पोचता, आणि विणकरांकडे धड कुणी कामावर नसतं. मी पहिलाच क्रम सुचवीन.

आधी ठरवायच्या गोष्टी

चेन्नईहून कांची सुमारे ७५ किलोमीटर, कांचीहून चेंगलपट्टूमार्गे महाबलीपुरम साधारण ६५, आणि तिथून समुद्राकाठच्या ईसीआर रस्त्याने चेन्नई जवळपास ६०. त्रिकोण पूर्ण करायला दोनशे किलोमीटर लागतात. तिघं-चौघं असाल तर दिवसभराची टॅक्सी घ्या. बसनेही होतं, पण कांची ते महाबलीपुरम हा मधला टप्पा अडतो. बऱ्याचदा चेंगलपट्टूला बस बदलावी लागते आणि तासभर हातचा जातो. बसनेच जायचं असेल तर एका दिवसाचा हट्ट सोडा, एक मुक्काम करा.

महाराष्ट्रातून रेल्वेने येणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी फारसं कुणी सांगत नाही. मुंबई-चेन्नई मार्गावर चेन्नईच्या आधी अरक्कोणम जंक्शन लागतं. तिथून कांची अवघं तीसेक किलोमीटर आहे. तुमची गाडी अरक्कोणमला थांबत असेल तर तिथेच उतरा, रात्री कांचीत राहा आणि सकाळी सहाला देवळाच्या दारात हजर व्हा. चेन्नईच्या गर्दीत शिरून पुन्हा बाहेर पडण्याचा सगळा खटाटोप वाचतो.

ऋतू डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी. आपल्याकडे पाऊस संपतो तेव्हा तिकडे ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत छत्री लागेल हे धरून चाला. मार्चपासून ऊन इतकं चढतं की दहा वाजताच प्राकारातल्या फरशीवर पाय टेकवत नाहीत. यावर उपाय साधा आहे: जुने जाड मोजे. चपला बाहेर काढा, मोजे घालून आत जा, कुणी काही म्हणत नाही. गुडघ्यावरची पँट, बिनबाह्यांचे कपडे नकोत. पुरुषांना लुंगी-धोतराची सक्ती नाही, साधी पूर्ण पँट चालते. काही देवळांत गाभाऱ्यापर्यंत फक्त हिंदूंनाच जाऊ देतात, सोबत कुणी परदेशी मित्र असेल तर त्याला आधीच कल्पना द्या. आणि गाभाऱ्यापाशी मोबाइल काढू नका.

शुक्रवारी कामाक्षीच्या देवळात रांगा लागतात. कला-शिल्प हा मुख्य हेतू असेल तर मंगळवार ते गुरुवारातला एखादा दिवस निवडा.

सकाळी साडेसहा-सात: कैलासनाथ

अयोध्या, मथुरा, माया, काशी, कांची, अवंतिका आणि द्वारका. सात मोक्षपुऱ्यांच्या या यादीत दक्षिणेतली एकटी कांची आहे. शहरात देवळं मोजता मोजता थकाल इतकी. त्यातली तीनच बघा. पाचाच्या वर बघितलीत तर संध्याकाळी कुठलं गोपुर, म्हणजे दारावरचा मनोरा, कुठलं हे आठवणार नाही, हे मी पैजेवर सांगतो.

पहिलं कैलासनाथच. शहराच्या पश्चिम टोकाला आहे, पुरातत्त्व खात्याकडे आहे, आणि सकाळी तिथे पुजारी, रखवालदार आणि खारी सोडून कुणी नसतं. आठव्या शतकाच्या सुरुवातीला पल्लव राजा राजसिंह, म्हणजेच दुसरा नरसिंहवर्मा, याने ते बांधलं. पाया ग्रॅनाइटचा, वरचं काम वालुकाश्माचं. वालुकाश्म मऊ असल्यामुळे शिल्पं झिजली आणि नंतरच्या लोकांनी त्यांवर चुन्याचे थर चढवले. त्यामुळे काही चेहरे जरा सुजल्यासारखे दिसतात. ते बघून निराश होऊ नका, थराखालून डोकावणारा मूळ दगड शोधत फिरा.

आत शिरलात की डावीकडून भिंतीच्या कडेने चालायला लागा. आतल्या बाजूने ५८ छोट्या देवळ्या आहेत, एकेका माणसाला जेमतेम मांडी घालून बसता येईल एवढ्या. त्यांच्यात अधूनमधून जुन्या रंगचित्रांचे तुकडे उरले आहेत: एक डोळा, एक हात, तांबूस रंगाची कड. टॉर्च मारू नका, उजेड तिरपा पडेपर्यंत थांबा. देवळ्यांखालच्या पट्टीवर राजसिंहाने स्वतःच्या दोनशेहून अधिक पदव्या कोरून घेतल्या आहेत. आजच्या फ्लेक्सवरच्या पदव्या त्यापुढे फिक्या.

गाभाऱ्यात सोळा पैलूंचं काळं शिवलिंग आहे. त्याच्याभोवती प्रदक्षिणेचा एक अरुंद मार्ग, ज्यात रांगत शिरावं लागतं आणि रांगतच बाहेर यावं लागतं. एकदा गेलं की पुनर्जन्म नाही, असं पुजारी सांगतात. गुडघेदुखी असलेल्यांनी आणि पोट सुटलेल्यांनी पुनर्जन्म पत्करावा. आत वळायला जागा नाही.

आता ज्यासाठी मराठी माणसाने इथे यावं असं मला वाटतं ती गोष्ट. ६४२ साली पल्लव राजा पहिला नरसिंहवर्मा, पदवी ‘मामल्ल’, याने थेट बदामीवर चाल करून चालुक्यांची राजधानी घेतली. हर्षवर्धनाला नर्मदेवर रोखणाऱ्या दुसऱ्या पुलकेशीचा शेवट याच युद्धात झाला. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी पुलकेशीचा वंशज दुसरा विक्रमादित्य सैन्य घेऊन कांचीत शिरला. सूड घेण्याची आयती संधी होती. पण त्याने हे देऊळ पाहिलं, लुटलं नाही, उलट देवाचं सोनं देवाला परत केलं आणि तसं कानडीत कोरून ठेवलं. पुढच्या मंडपातल्या एका खांबाच्या मागच्या अंगाला तो लेख आजही आहे. रखवालदाराला ‘कन्नड कल्वेट्टु’ म्हणा, कल्वेट्टु म्हणजे शिलालेख. तो बोट दाखवील.

विक्रमादित्याची राणी लोकमहादेवी हिने नंतर पट्टदकलला विरूपाक्षाचं देऊळ बांधलं, त्यावर कैलासनाथाची छाप उघड दिसते. आणि पट्टदकलच्या त्या देवळाची छाप राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातल्या वेरूळच्या कैलासावर. म्हणजे वेरूळच्या कैलासाचं आजोळ इथे आहे. वेरूळ आधी पाहिलं असेल तर आवारातून मान वर करून विमानाकडे, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखराकडे, बघा. चढत गेलेले मजले, माथ्यावरचा घुमट, कोपऱ्यांतली छोटी शिखरं ओळखीची वाटतील.

इथे दीड तास द्या. कमी नको.

साडेआठ ते अकरा: एकाम्रनाथ, मग वैकुंठ पेरुमाळ

नाश्ता वाटेत उरका. कांचीपुरम इडली मिळाली तर तीच घ्या. ही आपल्या पांढऱ्या लुसलुशीत इडलीसारखी नसते. मिरी, जिरं, सुंठ घातलेली, पानं लावलेल्या बांबूच्या टोपलीत उकडलेली, जाड आणि खमंग. तिचं मूळ वरदराज पेरुमाळ या इथल्या विष्णूच्या देवळाच्या नैवेद्यात आहे.

एकाम्रनाथ हे पंचमहाभूतांपैकी पृथ्वीचं लिंग. मातीचं असल्यामुळे त्यावर पाण्याचा अभिषेक करत नाहीत. त्याचं दक्षिणेकडचं गोपुर विजयनगरच्या कृष्णदेवरायाने १५०९ साली उभारलं, उंची सुमारे ५८ मीटर. कैलासनाथ पाहून आल्यावर हे बघण्यात गंमत आहे. तिथे देऊळ उंच आणि दार बुटकं होतं. आठशे वर्षांत दार उंच झालं आणि देऊळ त्याच्यामागे लपलं. पाऊण तास पुरे. इथे पूजेसाठी गळ पडणारे भेटतील, नको असेल तर ‘वेण्डाम’ म्हणून पुढे चालत राहायचं.

वैकुंठ पेरुमाळला जाणारे थोडे, आणि तेच बरं आहे. आठव्या शतकातल्या दुसऱ्या नंदिवर्मा पल्लवमल्लाचं हे बांधकाम. एकावर एक तीन गाभारे, विष्णू एकात बसलेला, एकात पहुडलेला, एकात उभा. पण मी पाठवतोय ते बाहेरच्या ओवरीसाठी. तिच्या भिंतीवर पल्लव घराण्याचा इतिहास पट्ट्यापट्ट्यांनी कोरलाय. राजा निपुत्रिक गेल्यावर दरबारी मंडळी घराण्याच्या दूरच्या शाखेकडे जातात, तिथली थोरली मुलं गादी नाकारतात आणि बारा वर्षांचा धाकटा पुढे होतो. तोच हा नंदिवर्मा. राजाने स्वतःच्या निवडीची हकिकत दगडात छापून ठेवली, कारण बहुधा तिच्याबद्दल कुरबूर होत असणार. हा आपला माझा तर्क.

कामाक्षीला नमस्कार करायचा असेल तर ती जवळच आहे, अर्धा तास धरा. वरदराज पेरुमाळ शहराच्या दुसऱ्या टोकाला, विष्णुकांचीत. तिथल्या शंभर खांबांच्या मंडपाच्या कोपऱ्यांत एकाच दगडातून कोरलेल्या साखळ्या लोंबतात, दगडकामाची आवड असणाऱ्याला त्या पुरेशा आहेत. याच देवळाच्या तळ्यात अत्ति वरदराची लाकडी मूर्ती असते, दर ४० वर्षांनी बाहेर काढतात. २०१९ मध्ये काढली होती. हिशेब ज्याचा त्याने करावा.

अकरा ते साडेबारा: माग

इथे फसवणूक होते, म्हणून जरा सविस्तर.

रिक्षावाला ‘वीव्हर हाऊस’ दाखवतो म्हणेल. मागे मला ज्या ‘विणकराच्या घरी’ नेलं, तिथे दाराशी एक माग होता, त्यावर एक आजोबा बसले होते, आणि आत तीन मजली दुकान होतं. मागावर धूळ होती. खरे माग बघायचे तर पिल्लैयारपाळयमसारख्या विणकर वस्तीत पायी शिरा. घराघरांतून खटक-खटक आवाज येतो, त्याच्या मागे जायचं. ‘तरि पार्क्कलामा?’ म्हणजे ‘माग बघू का?’ एवढं तमिळ पुरतं. बरेच जण हसून आत घेतात. फोटो विचारून काढा आणि पंधरा मिनिटांच्या वर त्यांचा वेळ खाऊ नका, ते कामाच्या मजुरीवर जगतात. दुसरा मार्ग विणकरांच्या सहकारी सोसायटीत चौकशी करण्याचा, तिथे खरेदीही बिनधास्त होते.

काय बघायचं? येवल्याची पैठणी विणताना पाहिलेली असेल तर अर्धं काम झालं. पैठणीच्या पदरावर रंगारंगाच्या छोट्या कांड्या हाताने फिरवत नक्षी भरतात, म्हणून ती उलट-सुलट सारखी दिसते. कांजीवरमची करामत वेगळी आहे आणि ती सांध्यात आहे. अंग एका रंगाचं, काठ दुसऱ्या रंगाचे. दोन्ही काठांचे धोटे, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या नळ्या, वेगळे, अंगाचा वेगळा. दर ओळीला काठाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, अंगाच्या बाण्यात अडकवत न्यायचा, याला ‘कोर्वै’ म्हणतात. एकट्याचे हात पुरत नाहीत, पलीकडच्या काठाचा धोटा फेकायला शेजारी मदतनीस बसतो, बऱ्याचदा घरातलाच कुणी. काठावरची देवळाच्या शिखरांची दातेरी रेघ या अडकवण्यातूनच निघते.

दुसरा सांधा पदराचा, ‘पेटनी’. अंग संपून पदर सुरू होतो तिथे ताण्याचाच, म्हणजे उभ्या धाग्यांचाच, रंग बदलायचा असतो. नवा ताणा जुन्या ताण्याच्या एकेका धाग्यात गुंफून घेतात. साडीच्या उलट बाजूला त्या रेघेवरून बोट फिरवलंत तर किंचित खडबडीत लागतं. यंत्रमागाच्या नकलेत ही रेघ नसते, किंवा असली तरी सपाट असते. खरेदीच्या वेळी मी सगळ्यात आधी तिथेच बोट ठेवतो.

जरीचं थोडं. खऱ्या जरीत आत रेशमाचा धागा, त्यावर चपटी चांदीची तार, वर सोन्याचा मुलामा. रेशीम मुख्यतः कर्नाटकातून येतं, जर सुरतेची. घासून आतला धागा लाल निघाला तर जर खरी, असं सगळीकडे सांगतात. हल्ली नकली जरीच्या आतही लाल धागा घालतात, त्या परीक्षेवर विसंबू नका. ‘सिल्क मार्क’ची चिठ्ठी रेशीम शुद्ध असल्याचं सांगते, साडी हातमागाची आहे की नाही आणि जर खरी की खोटी, याबद्दल ती चकार शब्द काढत नाही. हातमागासाठी ‘हँडलूम मार्क’ वेगळा असतो. म्हणून बिलावर तीन गोष्टी स्वतंत्र लिहून घ्या: शुद्ध रेशीम, हातमाग, आणि जरीतलं चांदीचं प्रमाण. दुकानदार तिसऱ्या गोष्टीला कां-कूं करू लागला तर समजून घ्या. चार-पाच हजारांत ‘प्युअर जरी, हँडलूम’ म्हणून जे मिळतं ते तसं नसतं, एवढं नक्की. नकली जरीची साडी नकली जरीच्या भावात घ्यायला काहीच हरकत नाही, मीही घेतली आहे. ‘कोर्वै इरुक्का?’, म्हणजे ‘कोर्वै आहे का?’, असं विचारलंत की गल्ल्यावरच्या माणसाचा सूर बदलतो, आणि निम्म्या साड्या आपोआप कपाटात परत जातात.

साडेबारा ते अडीच: जेवण आणि रस्ता

केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, ताक. जेवण हलकं ठेवा, पुढे चढ आहे. चेंगलपट्टू ओलांडल्यावर वाटेत तिरुक्कळुकुन्रम लागतं, आपले जुने यात्रेकरू त्याला पक्षीतीर्थ म्हणायचे. टेकडीवरच्या देवळात रोज दुपारी गिधाडांची जोडी प्रसाद खायला यायची, आता येत नाही. गाडीतूनच हात जोडा, पायऱ्या शेकडो आहेत.

अडीच ते सहा: महाबलीपुरम

कांचीत पल्लवांनी बांधलं, इथे मुख्यतः कोरलं. १९८४ पासून हे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिकीट भारतीयांना ४० रुपये, पंधरा वर्षांखालच्यांना नाही. पंचरथांना काढलेलं तिकीट त्याच दिवशी किनाऱ्यावरच्या देवळाला चालतं, फेकू नका. सहाला बंद होतं.

सुरुवात दक्षिणेकडच्या पंचरथांपासून. हे रथ नाहीत, खडकातून कोरलेली देवळं आहेत, आणि पांडवांचा यांच्याशी संबंध नाही, नावं लोकांनी मागाहून दिली. पाचांची पाच छपरं बघा. द्रौपदीचं गवताने शाकारलेल्या झोपडीसारखं, भीमाचं लांबट पिंपाच्या पाठीसारखं, धर्मराजाचं आणि अर्जुनाचं मजल्यांचं, नकुल-सहदेवाचं हत्तीच्या पाठीसारखं गोल, आणि शेजारी ताडून बघायला दगडाचा हत्तीच उभा. कैलासनाथाच्या विमानाचं बी धर्मराजाच्या रथात सापडतं. भीमाच्या रथाचं खालचं काम अर्धवट आहे, कारण कोरणं माथ्यापासून खाली आणलं होतं. वेरूळचा कैलासही असाच वरून खाली उतरवलेला आहे. फरक दगडाचा: आपला काळा बेसाल्ट, इथला ग्रॅनाइट, महाचिवट. गावातल्या अपुऱ्या लेण्यांत भिंतीवर चौकटी-चौकटींची जाळी दिसते. चौकटीच्या कडेने चर खोदायचा, मधला ठोकळा ठोकून पाडायचा आणि पुन्हा पुढची चौकट, अशी ती पद्धत.

पंचरथांकडून गावात येणाऱ्या रस्त्यावर शिल्पकारांच्या कार्यशाळा आहेत. लगेच पुढे निघून जाऊ नका. कटरची किंचाळी आणि धूळ आहे खरी, पण चेहऱ्याचं काम आजही छिन्नी-हातोडीनेच चालतं. डोळे सर्वात शेवटी उघडतात. दगड निवडताना त्यावर ठोकून नाद ऐकतात; नादावरून पुरुष, स्त्री आणि नपुंसक अशी दगडाची जात ठरते, आणि देवाची मूर्ती पुरुष दगडाची, देवीची स्त्री दगडाची. कन्याकुमारीच्या समुद्रातला १३३ फुटी तिरुवळ्ळुवर घडवणारे गणपती स्थपती इथल्याच शिल्प महाविद्यालयाचे प्रमुख होते. इथल्या दगडी शिल्पांना २०१७ मध्ये जीआय मानांकनही मिळालं.

विकत घ्यायचं असेल तर आधी तळाच्या कोपऱ्यावर नखाने ओरखडा काढून बघा. ओरखडा उठला तर तो मऊ शंखजिऱ्याचा दगड. वाईट नाही, पण ग्रॅनाइटच्या भावात घेऊ नका. ग्रॅनाइटचा वीतभर गणपतीही विमानप्रवासाच्या सामानाच्या वजनात तुम्हाला रडवेल.

चारला टेकडीपाशी. सुमारे तीस मीटर लांबीचं ते प्रचंड कोरीव काम रस्त्यालगतच आहे. कुणी त्याला अर्जुनाची तपश्चर्या म्हणतं, कुणी गंगावतरण. वाद सोडा, हत्तीच्या पायाजवळची मांजर शोधा. पुढचे पाय वर उचलून तप करते आहे आणि समोर उंदीर हात जोडून बसलेत. तपस्व्याची अशी टिंगल त्याच भिंतीवर राजाने चालवून घेतली. मागे टेकडीच्या उतारावर ‘कृष्णाच्या लोण्याचा गोळा’, अंदाजे २५० टनांची शिळा, जिला ढकलण्याचा फोटो प्रत्येकजण काढतो. तुम्हीही काढाल. जवळच वराह लेणं, आणि दीपस्तंभाखाली महिषासुरमर्दिनीचं लेणं. एकाच लेण्यात एका भिंतीवर शेषावर झोपलेला विष्णू, समोरच्या भिंतीवर लढणारी देवी; मधे उभं राहून एकदा इकडे, एकदा तिकडे बघा. वेळ कमी असेल तर गोळा सोडा, हे लेणं सोडू नका.

सव्वापाचला किनाऱ्यावरच्या देवळात पोचलं पाहिजे. बांधणारा पुन्हा राजसिंहच, म्हणजे सकाळी ज्याच्या पदव्या वाचल्या तोच. दोन शिखरं, एक गाभारा समुद्राकडे तोंड करून, एक गावाकडे, आणि मधे छोट्या जागेत पहुडलेला विष्णू. खाऱ्या वाऱ्याने शिल्पांचे चेहरे पुसून गेलेत. संध्याकाळचं ऊन पश्चिमेच्या बाजूवर येतं, तेव्हा फोटो गावाकडून काढायचे. समुद्राची बाजू तोवर सावलीत गेलेली असते. पावणेसहाला रखवालदार शिट्ट्या फुंकायला लागतात.

शनिवार-रविवारी सहा ते आठ ईसीआरवर चेन्नईकडे जाणाऱ्या गाड्या खोळंबतात. त्या दोन तासांत किनाऱ्यावर कॉफी पीत बसा आणि आठनंतर निघा. मोजे मात्र गाडीत बसण्याआधी झटका, दिवसभराची वाळू त्यांत असते.